पाचची गाडी पाचला

गाड्या बिघडत गेल्या तशी काकूंची भरभराट होत गेली. हे घरात बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण गाड्या दुरुस्त करायचं काम काकूंच्या नवऱ्याकडे होतं.

काकू स्टेशनच्या प्रतीक्षालयात कामाला होत्या. पाटीवर प्रतीक्षालय लिहिलेलं असलं तरी सगळे त्याला मोठी खोली म्हणायचे, आणि खोली होतीही तशीच. छत इतकं उंच, की जळमटं काढायची तर दुसऱ्या खात्याकडून शिडी मागवावी लागे. ते खातं बंद झाल्यापासून जळमटांना कुणी हात लावला नव्हता. भिंतीलगत लाकडी बाकं होती. कुणी आडवं होऊ नये म्हणून त्यांना मध्ये मध्ये लोखंडी हात बसवले होते, आणि लोक त्या हातांखालून पाय सरकवून आडवे होत. एक आरसा होता, त्यात कुणीही पाहिलं की कावीळ झाल्यासारखं दिसे. फरशी मात्र काकूंची होती. फिनेल घालून रोज पुसलेली, आणि ओली असताना तिच्यावरून चालायची स्टेशनमास्तरांचीही छाती होत नसे.

काकू लग्न होऊन आल्या आणि नोकरीला लागल्या, तेव्हा हे स्टेशन म्हणजे शहराची शान होतं. चारी दिशांना गाड्या सुटत. लोक धावत येत, धावत चढत, आणि मोठ्या खोलीत टेकायला कुणाला फुरसत नसे. काकू रिकाम्या खोलीत बसून स्वेटर विणत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि ही खोली हवीच कशाला, असं मोठ्यांदा विचारलं. त्या रात्री काकूंना झोप लागली नाही. पण रेल्वे त्यांच्या मदतीला आली. रेल्वे बिघडू लागली.

आधी उपाहारगृह बंद झालं, मग पुस्तकांचा स्टॉल. चौकशीच्या खिडकीला पडदा लावला गेला, तो पुन्हा उघडलाच नाही. लांबच्या गाड्या एकेक करून रद्द झाल्या. टोकाच्या फलाटांवर गवत उगवलं, मग झुडपं, मग ती खायला शेळ्या आल्या, आणि शेळ्यांमागून त्यांचा मालक. तो पुढे तिथेच पत्र्याची खोली बांधून राहू लागला. स्टेशनच्या टपाल्याने त्याला फलाटाच्या नंबरावर पत्र आणून दिलं, तेव्हा त्याचं राहणं कायदेशीर झालं असं सगळे धरून चालले. मधल्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ मात्र शेवटपर्यंत बरोबर चालत होतं. लोकांना खरा राग त्या घड्याळाचाच यायचा.

शेवटी सगळी मिळून एकच गाडी उरली. शहरात कामाला येणारी माणसं तिने संध्याकाळी आपापल्या गावी परत जायची. तिला पाचची म्हणत. पाचची गाडी पाचला सुटलेली बघणारा माणूस स्टेशनात राहिला नव्हता, पण नावात काय बदल करायचा, म्हणून तेच चालू राहिलं. ती कधी सातला सुटायची, कधी आठला, कधी लोकांची एक झोप झाल्यावर. भोंग्यावर मात्र, "पाचची गाडी वेळेवर आहे," असं रोज ऐकू यायचं. ते कधी काळी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं होतं आणि बंद कसं करायचं हे माहीत असलेला माणूस निवृत्त झाला होता.

पाचची जसजशी उशिरा सुटू लागली, तसतशी मोठी खोली भरू लागली. लोक आता धावत येत नसत. बेताने, हातातली कामं उरकून, साडेसहाच्या सुमाराला येत, पाय पसरून बसत आणि डबे उघडत. परीक्षांचे अभ्यास तिथे झाले, भांडणं झाली, ती मिटली, एक मूल तर बाक धरधरून तिथेच चालायला शिकलं. काकू कुणाला कुठे बसवायचं ते बघत. घोरणाऱ्यांना दाराजवळ, रडणाऱ्या पोरांना नळाजवळ, आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना समोरासमोर, म्हणजे त्यांना एकमेकांकडे पाठ फिरवायचीही सोय राहत नसे आणि दोन दिवसांत ती बोलायला लागत. नियम एकच होता आणि तो काकूंनी कुणासाठी मोडला नाही. तिकीट असेल तर आत, नसेल तर बाहेर. नवरा डबा घ्यायला यायचा तोही उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. एकदा त्याला ताप होता तरी त्यांनी त्याला दारातूनच गोळी दिली.

नवऱ्याला सगळे फिटर म्हणत. शेडमध्ये एके काळी फिटरांची फौज होती, आता तो आणि त्याचे दोन हात. चालणारं इंजिन एक होतं. बाकीची मेलेली इंजिनं मागे गंजत उभी होती, आणि फिटर त्यांचे सुटे भाग काढून जिवंत इंजिनाला लावत असे. वरिष्ठ कचेरीतून सूचना यायच्या, सामान यायचं नाही. तिथली मंडळी उंटावरून शेळ्या हाकत होती, आणि शेळ्या तर फलाटावर खऱ्याच होत्या.

फिटर दुपारी घरी जेवायला यायचा. त्याच्या हातांवरून काकूंना पाचचीचं भविष्य कळायचं. मनगटापर्यंत काळे असले तर तासाभराचा उशीर. कोपरापर्यंत असले तर लोकांनी अंथरूण आणलेलं बरं. जेवायलाच आला नाही तर काकू रात्रीचा डबा बांधूनच कामावर जात. मग शहरातून येता-जाता माणसं मोठ्या खोलीच्या दारात डोकावून विचारत, "काकू, आज किती?" काकू सांगत, आणि ते खरं ठरत असे. बाजारात बटणं विकणारा एक माणूस पाचचीने रोज जायचा. तो दुपारी येऊन काकूंचा शब्द घेऊन जायचा आणि सगळ्या बाजाराला सांगायचा. इस्पितळातली एक नर्सबाई होती, ती इस्पितळाला सांगायची. रेल्वेचं वेळापत्रक भिंतीवर होतं आणि काकू दारात होत्या. भिंतीकडे कुणी बघत नसे.

या मानाची काकूंना सवय झाली होती. खोटं कशाला बोला, आवडत होता तो त्यांना. घरी नवरा आणि बाहेर नवऱ्याचं अपयश, दोन्ही त्यांनी नीट सांभाळलं होतं.

फक्त एकदा त्यांचा शब्द खोटा पडला होता, तोही लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. गाड्या नुकत्या रखडायला लागल्या होत्या. फिटर तेव्हा तरुण होता आणि छातीवर हात ठेवून म्हणाला होता, उद्या गाडी वेळेवर. काकूंनी नव्या नवरीच्या अभिमानाने अख्ख्या खोलीला सांगितलं. लोक कामं टाकून लवकर आले आणि रात्रीपर्यंत बसून राहिले. फिटर रुळांवरून जाताना दिसला तेव्हा त्यांनी खिडकीतून त्याला कुत्सितपणे टाळ्या वाजवल्या. काकू तेव्हा फरशी पुसत होत्या आणि त्या पुसतच राहिल्या. त्यानंतर फिटर अधूनमधून म्हणायचा, यंदा बघ, एकदा तरी पाचला काढतो. काकू बरं म्हणायच्या. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं.

होता होता फिटरच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला. स्टेशनमास्तरांनी विचारलं, निरोपाला काय देऊ? रीतीप्रमाणे भिंतीवर लावायचं एक घड्याळ द्यायचं होतं. फिटर म्हणाला घड्याळ नको.

"त्या दिवशी पाचची पाचला सोडा. मी इंजिन देतो तयार करून. बाकीचं तुम्ही बघा."

स्टेशनमास्तर हसले नाहीत, कारण त्याच दिवशी वरिष्ठ कचेरीची समिती येणार होती. पाचची ठेवायची की बंद करायची आणि मोठी खोली ठेवायची की दुकानाला द्यायची, हे समिती बघणार होती. वेळेवर सुटणारी गाडी समितीला दाखवायची, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, गार्डला सांगितलं, सिग्नलवाल्याला दोनदा सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. फिटरला आजवर कुणी काही दिलं नव्हतं आणि त्यानेही काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. फिटरने गुपचूप काम सुरू केलं. मेलेल्या इंजिनांमधलं जे जे धड होतं ते त्याने जिवंत इंजिनात आणलं.

आदल्या दिवशी दुपारी जेवताना तो काकूंना म्हणाला, "उद्या गाडी पाचला सुटणार. आज संध्याकाळी तुझ्या लोकांना सांग. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायचे नाहीत."

काकू म्हणाल्या, "बरं."

त्या संध्याकाळी खोली नेहमीसारखी भरली होती. काकू एकदा खोलीच्या मधोमध जाऊन उभ्याही राहिल्या. बटणवाल्याने विचारलं, काय हो काकू? त्यांना त्या जुन्या टाळ्या ऐकू आल्या. उद्या हे सगळे अर्ध्या दिवसाची कामं सोडून येतील, गाडी काही सुटायची नाही, आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी नवऱ्याला पुन्हा खिडकीतून टाळ्या. त्यापेक्षा न बोललेलं बरं. त्या म्हणाल्या, काही नाही, पाय वर घ्या, पुसायचंय. आपण नवऱ्याची लाज राखतोय असं त्यांना मनापासून वाटलं, आणि स्वतःच्या शब्दाची पतही त्यात राखली जात होती, ते त्यांना फारसं खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिटर जेवायला आला तेव्हा त्याचे हात स्वच्छ होते. नखांतसुद्धा काही नव्हतं. काकूंनी ते हात असे कधी पाहिले नव्हते, लग्नातसुद्धा नाही. इंजिन सकाळीच तयार होऊन उभं होतं आणि करायला काही उरलं नव्हतं, हे काकूंच्या मनातही आलं नाही. त्यांना वाटलं, आज शेवटचा दिवस म्हणून याने कामाला हातच लावलेला नाही. म्हणजे इंजिन काल होतं तसंच पडलेलं असणार. फिटरने विचारलं, सांगितलंस ना? काकूंनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कुणालाही सांगता आलं नसतं. तो नवा शर्ट घालून लगेच निघून गेला.

थोड्या वेळाने बटणवाला मोठ्या खोलीच्या दारात आला. काकू, आज किती? काकूंच्या डोळ्यांपुढे ते स्वच्छ हात होते.

"आज घाई करू नका," त्या म्हणाल्या. "सावकाश जेवूनच या."

बातमी बाजारात गेली, बाजारातून इस्पितळात गेली.

पाच वाजायच्या आधी काकू रिकामी खोली पुसत होत्या. भोंग्याने गाडी वेळेवर असल्याचं सांगितलं, ते त्यांच्या कानात शिरलंही नाही. घड्याळात पाचचे ठोके पडले आणि शेवटच्या ठोक्यावर शिट्टी झाली. काकूंना वाटलं डबे हलवत असतील. मग शिट्टी पुन्हा झाली, लांब, आणि त्या फडकं हातात धरून दारात आल्या.

पाचची चालली होती. फलाटावर सगळं स्टेशन उभं होतं. स्टेशनमास्तर टोपी घालून, सिग्नलवाल्याची बायको, शेळ्यांचा मालकसुद्धा. समितीचे तिघे साहेब घड्याळाकडे बघत होते. गार्ड हिरवी झेंडी अशी हलवत होता की हात खांद्यातून निघून यावा. फिटर सगळ्यात पुढे उभा होता, नव्या शर्टात, एक हात वर करून. त्याच्यासमोरून डब्यामागून डबा गेला, खिडकीमागून खिडकी, आणि एकाही खिडकीत माणूस नव्हता. शेवटचा डबा गेल्यावरही त्याचा हात वरच होता. मग तो वळला आणि त्याने मोठ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. काकूंना फडकं कुठे ठेवावं ते कळेना.

अगदीच माणूस नव्हता असं म्हणता येणार नाही. परगावचा एक जण होता, ज्याला इथलं काही माहीत नव्हतं आणि जो वेळापत्रक वाचून आला होता. पण पाच वाजता रिकामी गाडी सुटलेली पाहून त्याला वाटलं, आपण धुवायला चाललेल्या गाडीत बसलो, आणि तो पहिल्याच थांब्यावर उतरला. तिथून पुढे पाचची एकटीच गेली.

साडेसहानंतर लोक येऊ लागले, जेवून, सावकाश. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, फक्त इथे घोड्याला वरात गेल्याचं पटत नव्हतं. काकू म्हणाल्या, गाडी गेली. लोक हसले. काकू कधी चेष्टा करत नाहीत, पण आज नवऱ्याचा निरोप आहे, चालायचंच. नर्सबाईने रेल्वेच्या माणसांना शेड तपासायला लावली. इंजिन खरंच नाही म्हटल्यावर खोलीत जो गोंधळ उडाला तो काकूंनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. पूर्वसूचना न देता गाडी वेळेवर सोडल्याबद्दल स्टेशनमास्तरांकडे तोंडी तक्रारी झाल्या. दुसरी गाडी नव्हतीच, तेव्हा सगळे खोलीत मुक्कामाला राहिले. बाकं भरली, फरशी भरली, आरशाखालची जागा भरली. बटणवाला काकूंच्या समोर बसला आणि एवढंच म्हणाला, "काकू, तुम्हीसुद्धा?"

समिती चहा पिऊन मोठी खोली बघायला आली ती याच वेळी. दारातून आत पाऊल टाकायला जागा नव्हती. साहेबांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली.

निकाल लवकरच आला. गाडी उत्तम अवस्थेत असून वेळेवर धावते, परंतु तिला प्रवासी नाहीत, सबब बंद करावी. प्रतीक्षालयाला मात्र तुफान गर्दी असते, सबब ते चालू ठेवून रंगरंगोटी करावी. दोन्ही निर्णय एकाच कागदावर होते आणि त्यांत काही विसंगत आहे असं वरिष्ठ कचेरीत कुणाला वाटलं नाही.

निकालाच्या दिवशी घरी काकूंनी दोन ताटं वाढली आणि स्वतःच्या ताटाला हात लावला नाही.

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "उलट जेवून या म्हणाले."

"माहीत आहे," फिटर म्हणाला. त्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "मी तुझ्या जागी असतो तर मीही सांगितलं नसतं."

त्याने चार शब्द सुनावले असते तर काकूंना ते पचले असते. हे पचलं नाही. अख्ख्या शहराने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही याचं त्यांना काही वाटलं नाही, शहराची तशी त्याच्याशी ओळखही नव्हती. पण त्यांनी त्याचे हात रोज बघितले होते, आणि ज्या दिवशी ते खरं सांगत होते त्याच दिवशी त्यांनी ते चुकीचे वाचले. काकू मोरीत जाऊन रडल्या. नळ सोडला होता, पण तो नळ फिटरनेच नुकता दुरुस्त केला होता आणि आता त्याचा पूर्वीसारखा आवाज येत नव्हता.

मोठ्या खोलीला रंग लागला. शिडी आली, जळमटं गेली. गंमत अशी की पुढे कितीतरी दिवस लोक येत राहिले. गाडी बंद झाली यावर त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांना वाटलं उशीर आहे. हळूहळू त्यांतले शहाणे बसकडे गेले, मग बाकीचे गेले. बटणवाला सगळ्यात शेवटी गेला, काकूंना बटणांचं एक पाकीट देऊन. काकूंनी पुन्हा स्वेटर विणायला घेतला.

फिटरने घरातला पंखा दुरुस्त केला, दार दुरुस्त केलं, शेजाऱ्यांची दारं दुरुस्त केली. मोडकं काही उरलं नाही तेव्हा तो दुपारी काकूंचा डबा घेऊन स्टेशनावर येऊ लागला. सवयीप्रमाणे तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, डबा द्यायचा, रिकामा होईपर्यंत रुळांकडे बघायचा आणि परत जायचा. रुळांना गंज चढायला लागला होता, आणि शेळ्या आता पहिल्या फलाटापर्यंत येत होत्या.

एक दिवस तो डबा द्यायला जरा उशिरा आला. चार वाजून गेले होते. काकूंनी डबा घेतला नाही.

"अहो, आत या."

"तिकीट नाही माझ्याकडे."

"या म्हणते ना."

फिटर चपला काढून आत आला. फरशी ओली होती. काकूंनी त्याला मधल्या बाकावर बसवलं, त्याच्यासाठी ती सगळ्यात चांगली जागा होती, तिथून घड्याळ दिसायचं. त्याने लोखंडी हातावर हात ठेवला आणि तो किती हलतो ते पाहिलं. नोकरीभर या खोलीच्या दारात उभा राहिलेला माणूस, त्याला आत बसल्यावर खोली जरा लहान वाटली.

काकू बाकाजवळून निघाल्या आणि खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, जिथे त्या संध्याकाळी उभ्या राहिल्या होत्या तिथेच. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी पदर सारखा केला आणि रिकाम्या बाकांकडे बघून, चारी कोपऱ्यांत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"आज पाचची पाचला सुटणार आहे. फिटरनी स्वतः सांगितलंय. सगळ्यांनी वेळेवर तयार राहा."

फिटरने त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्याने डबा पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि ती मांडीवर घेऊन ताठ बसला. काकूंनी विणकाम आवरलं, खिडक्या लावल्या, नळ बंद आहे ना ते बघितलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसल्या. घड्याळात पाचचे ठोके पडायला लागले तशी दोघं उठली, काकूंनी खोलीला कुलूप लावलं, आणि शेवटच्या ठोक्याला ती दोघं फलाटावरून घराकडे निघाली.